तीन अक्षरं आणि एक टिंब

आमच्या हॉलर गावात पाटी वाचून कोणी कुठल्या दुकानात शिरत नाही. गाव एवढंसं, कोणाचं कुत्रं कोणावर भुंकतं तेसुद्धा सगळ्यांना ठाऊक. एल्डन व्होंड्राच्या गॅरेजवर पाटी नसती तरी आजूबाजूच्या शेतांतले मोडके ट्रेलर आणि तुटके नांगर आपणहून तिथे येऊन पडले असते. म्हणूनच त्या पाटीचा मला आजही राग येतो. तिची कोणालाच गरज नव्हती.

एल्डन आणि मी रेल्वेच्या यार्डात एकत्र काम केलं. मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त करायच्या, हे आमचं काम. नेब्रास्काच्या हिवाळ्यात वाघिणीच्या पोटाखाली उताणं पडलं की पाना हातमोज्याला चिकटतो आणि तोंडातून शिवीसुद्धा गोठून बाहेर येते. माझ्या तोंडून ती तरीही यायची. एल्डन मात्र घुमा. वेल्डिंगचा जोड दिला की तो थंड होईपर्यंत थांबायचा, हातोडीनं दोनदा टकटक करायचा, कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "धरलंय." सबंध पाळीत त्याच्या तोंडून निघालेला हा एकच शब्द असायचा, आणि तो खोटा ठरलेला मी कधी पाहिला नाही.

त्याच्या लग्नात मी त्याच्या शेजारी उभा होतो. पाद्रीबाबांनी दोघांना नवरा-बायको म्हणून जाहीर केलं, तेव्हा मी हळूच त्याच्या कानात म्हणालो, "धरलंय का रे?" तो कानापर्यंत लाल झाला. लिबीनं ते ऐकलं आणि भर चर्चमध्ये फस्सकन हसली. तेव्हापासून ती मला आवडते. घरच्या चेक लोकांच्या पद्धतीनं तिचं नाव लिबुशे, पण त्या नावानं तिला फक्त तिची आजी हाक मारायची. लिबीचा हात अक्षरांवर बसलेला. चर्चच्या हॉलचे फलक, जत्रेतल्या लोणच्यांच्या स्पर्धेचे बोर्ड, दुधाच्या कॅनवरची नावं, सगळी तिच्या ब्रशची. लाल अक्षर आणि त्याला काळी सावली, असं काढायची की अक्षर फळीवरून उठून उभं राहावं.

शहाऐंशी साली कंपनीनं यार्डातली माणसं कमी केली. मी एल्डनच्या आधी चार वर्षं लागलो होतो, म्हणून मी राहिलो आणि तो गेला. काढून टाकलं असं कोणी म्हणालं नाही. नाव यादीत राहील, काम निघालं की बोलावू, असं सांगितलं. असल्या बोलावण्याची वाट बघत माणसं म्हातारी झालेली आम्ही पाहिली होती.

एल्डनची तेव्हा बावीस वर्षं झाली होती. पंचवीस भरली असती तर पुढची कुठलीच गोष्ट झाली नसती, कारण पंचवीस भरलेल्या माणसाला कंपनीनं आपणहून कमी केलं तर त्याचा हक्क शाबूत राहतो. पंचवीसच्या आतल्या माणसाला जपून राहावं लागतं. आमचं पेन्शन इतर जगापेक्षा वेगळं, रेल्वेवाल्यांचं स्वतःचं. ते नुसती वर्षं मोजत नाही. तुमचं रेल्वेशी नातं अजून चालू आहे का, तेही विचारतं. कागदावर त्याला 'चालू नातं' असंच म्हणतात. रेल्वेतून बाहेर पडून तुम्ही दुसऱ्या कोणाची नोकरी धरलीत की नातं तुटलं. केलेली वर्षं बुडत नाहीत, साधं पेन्शन वय झालं की मिळतं. पण कामानं शरीर मोडलं तर आधी मिळणारं पेन्शन गेलं, आणि तुमच्यामागे बायकोला रेल्वेकडून जे मिळायचं तेही गेलं. मग तिनं सगळ्या जगाच्या रांगेत उभं राहायचं आणि सगळ्यांना मिळतं ते, कमी, घ्यायचं.

हे सगळं युनियनच्या हॉलमध्ये त्या हिवाळ्यात समजावून सांगितलं गेलं. 'चालू नातं' म्हटल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, की ते यार्डमास्तरच्या बायकोला विचारा. हॉलभर हशा पिकला. हसू ओसरल्यावर आमचा म्हातारा सेक्रेटरी म्हणाला, "पोटासाठी काय वाटेल ते करा. गवत कापा, बटाटे विका. फक्त दुसऱ्याच्या हजेरीवर नाव लावू नका. स्वतःचा धंदा चालतो, नोकरी चालत नाही." एल्डननं मान डोलावली. त्यानं मान डोलावली म्हणजे ते दगडावर कोरलं गेलं.

पुढच्याच महिन्यात शेतात पाणी देण्याच्या पाइपांच्या कारखान्यातून त्याला बोलावणं आलं. फोरमनची जागा, कायमची, घरापासून वीस मिनिटांवर. त्यानं नको म्हणून सांगितलं. गावानं त्याला वेड्यात काढलं. मीही त्याच्या अंगणात जाऊन बडबड केली, की लेका, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतोस. तो म्हणाला, नातं तुटेल. लिबीचं काय होईल मग.

त्यानं गॅरेजमध्ये वेल्डिंगचं मशीन लावलं आणि काम सुरू केलं. शेतकरी लोक कामाला चांगले आणि पैशाला सावकाश. लिबी पहाटे उठून कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड चेक पाव, भाजायची आणि धान्याच्या कोठारावर नेऊन विकायची. थंडीत घरातल्या एकाच खोलीत शेगडी पेटायची. दोघांनी कधी रडगाणं गायलं नाही. मुलगी जोलीनचं शिक्षण झालं, लग्न झालं, आणि जावई आला तो लिंकनचा हिशेबनीस, कर्टिस.

कर्टिस वाईट मुलगा नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या द्याल. मीही पुष्कळ दिल्या. उंटावरचा शहाणा म्हणालो, आणखी काय काय म्हणालो. पण त्यानं दिलेला सल्ला कोणत्याही शहाण्या माणसानं दिला असता. शेजारच्या परगण्यात एका वेल्डरनं जोडलेला ट्रेलरचा हूक भर रस्त्यात सुटला होता, एक माणूस जखमी झाला, आणि कोर्टानं त्या वेल्डरचं राहतं घर विकायला लावलं. कर्टिस म्हणाला, बाबा, धंद्याची रीतसर कंपनी करा. उद्या काही झालं तर कंपनीवर येईल, घरावर येणार नाही.

एल्डनला ते पटत नव्हतं. त्याचा जोड सुटणार नाही, एवढंच तो म्हणत राहिला. लिबीला मात्र त्या वेल्डरच्या बायकोच्या विचारानं झोप येईना. तिनं एल्डनच्या पाठी भुणभुण लावली, जेवताना, चर्चला जाताना, दिवा मालवल्यावर. शेवटी तो म्हणाला, "कंपनीनं मला घरी बसवलं आणि आता मीच कंपनी होऊ?" पण सही केली. धंदा स्वतःचाच आहे, मग बिघडतं काय, असा त्याचा सरळ हिशेब होता. माझाही तोच होता. आम्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही की कागदावर कंपनी उभी राहिली की एल्डन व्होंड्रा तिचा नोकर होतो. गॅरेज त्याचं, मशीन त्याचं, दारातलं कुत्रं त्याचं, आणि तो त्यात पगारी माणूस. दुसऱ्याच्या हजेरीवर नाव लावू नका, म्हातारा म्हणाला होता. ती हजेरी स्वतःच्याच घरात असू शकते, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

लिबीला झालेला आनंद काय सांगू. आधीची पाटी होती 'व्होंड्रा वेल्डिंग'. तिनं ती फळी खाली घेतली, घासली, आणि पुढच्या मोकळ्या जागेत तीन अक्षरं नवीन काढली, पुढे एक टिंब. 'इन्क.', म्हणजे रीतसर कंपनी. लाल, काळ्या सावलीची. त्या गॅरेजला ती अक्षरं नाकापेक्षा मोती जड अशी दिसत होती, पण लिबी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत होती आणि एल्डन पाटीकडे न बघता तिच्याकडे बघत होता.

काही वर्षांनी त्याची छाती गेली. इतकी वर्षं जस्ताचा आणि लोखंडाचा धूर ओढलेला. दहा पावलं चालला की भिंत धरायचा. डॉक्टरनं सांगितलं की वाघिणीचं काम आता विसरा. तेव्हा त्याच्या तोंडावर मला एक प्रकारचं समाधान दिसलं, कारण ह्याच दिवसासाठी त्यानं फोरमनची जागा नाकारली होती. तो एकटाच रेल्वे पेन्शनच्या कचेरीत गेला. चांगला शर्ट घालून गेला.

परतताना तो घरी गेला नाही, माझ्याकडे आला. ओसरीवर बसला आणि बराच वेळ श्वासच गोळा करत राहिला. मग तुकड्यातुकड्यानं सांगितलं. कचेरीतल्या माणसानं विचारलं होतं की धंदा नावावर आहे की कंपनी केली आहे. ह्यानं सांगितलं, कंपनी. त्या माणसानं पेन खाली ठेवलं. पुन्हा एकदा विचारलं, जणू ह्यानं दुसरं उत्तर द्यावं असं त्यालाच वाटत होतं.

मी उठून उभा राहिलो. कर्टिसला फोन लावतो म्हणालो, काय काय बोललो ते आता आठवत नाही. एल्डननं माझी बाही धरली.

"लिबीला कळता कामा नये," तो म्हणाला.

"कळणार नाही कसं? पेन्शन कुठंय म्हणून विचारेल ना ती."

"वर्षं कमी पडली असं सांगणार आहे. पंचवीस लागतात, माझी बावीस. खोटं नाही ते." मग थांबून म्हणाला, "ती अक्षरं तिनं काढलीत, मर्ल."

मी शब्द दिला. तो शब्द मला फार जड गेला.

एक वाट होती. रेल्वेत परत जाऊन वर्षभर काम केलं असतं तर नातं पुन्हा जुळलं असतं. दुसऱ्याच आठवड्यात मी त्याला यार्डात घेऊन गेलो. नवा फोरमन त्याला ओळखत नव्हता, पण भला होता. झाडू मारायचं, सुटे भाग मोजायचं, काहीही द्या, असं मीच म्हणालो, कारण एल्डनला मागणं जमत नसे. फोरमननं त्याला कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे एका नळीत फुंकायला सांगितलं, आणि नळीतला गोळा जागचा हलला नाही. परत येताना एल्डन रुळांच्या कडेला थांबला. एक वाघीण उभी होती. त्यानं तिच्या जोडावर बोटाची गाठ दोनदा आपटली आणि कान दिला. काही बोलला नाही. गाडीत बसल्यावर मला रडू आलं आणि मी ते नाक शिंकरण्यात लपवलं.

त्यानंतर तो गॅरेजमध्येच काम करत राहिला. थोडं थोडं, स्टुलावर बसून, तोच धूर पीत. लिबी म्हणायची की आता पुरे कर. तो म्हणायचा, वय भरेपर्यंत काढतो.

आमच्याकडचा हिवाळा रंग खातो. दर वसंतात लिबी शिडी लावून पाटीवर चढायची आणि उडालेला रंग पुन्हा भरायची. एकदा मी तिथे असताना ती वर होती आणि एल्डन खाली शिडी धरून उभा होता, दोन्ही हातांनी. त्याला कळून एव्हाना तीन वर्षं झाली होती. तिनं वरून विचारलं, कसं दिसतंय. तो म्हणाला, "टिंब राहिलं, लिबी." ती हसली आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. मला तिथे उभं राहवेना. काहीतरी काम काढून मी निघून आलो.

वय भरायला थोडं उरलं असताना तो गेला. गॅरेजमध्येच, स्टुलावर बसल्या बसल्या. मशीन बंद केलेलं होतं, तोंडावरची काच वर केलेली होती. जोड थंड व्हायची वाट बघत असावा. हातोडी मांडीवर होती.

त्याच्या मागं राहिलेली लिबी मी पाहिली आहे. ती कोसळली नाही. दुसऱ्या आठवड्यात कोलाचे घेऊन कोठारावर हजर होती, फक्त पिठात मीठ दोनदा पडलं होतं आणि सगळ्यांनी मुकाट खाल्ले.

मग विधवा पेन्शनचा अर्ज. कचेरीचा माणूस महिन्यातून एकदा तालुक्याच्या पोस्टात येऊन बसतो. लिबी म्हणाली, मर्ल, तू चल बरोबर, तुला ह्या लोकांची भाषा कळते. गाडीत तिला सांगून टाकावं असं मी ठरवलं होतं. एल्डन गेला होता आणि मला वाटलं, शब्द त्याच्याबरोबर गेला. पण ती बाजूला हॅट घालून बसलेली, पर्स मांडीवर, आणि मी वाटभर मक्याबद्दल बोलत राहिलो.

कचेरीचा माणूस पन्नाशीचा होता, सर्दीनं बेजार. त्यानं तिचं सांत्वन केलं, आणि ते मनापासून केलं. मग कागद पुढे ओढून म्हणाला, "काही गोष्टी आमच्याकडे आधीच आहेत, मिसेस व्होंड्रा, तरी मला पुन्हा विचाराव्या लागतात. रेल्वेनंतर ते काय करायचे?"

"वेल्डिंग. स्वतःचं."

"धंदा त्यांच्या नावावर होता की कंपनी होती?"

लिबी खुर्चीत ताठ झाली. एल्डन गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर रंग आलेला मी तेव्हाच पाहिला.

"कंपनी," ती म्हणाली. "रीतसर. पाटी मी स्वतः रंगवली आहे. तुम्ही कधी हॉलरवरून गेलात तर दिसेल. लाल अक्षरं आहेत."

मी जमिनीकडे बघत होतो. त्या माणसानं नाक पुसलं. मग त्यानं तिला समजावून सांगितलं, हळू, साध्या शब्दांत. नातं कशानं टिकतं, कशानं तुटतं. तिचा अर्ज तो दुसरीकडे पाठवेल, सगळ्या जगाला मिळतं ते तिला मिळेल. तिनं मध्ये एकदाच विचारलं.

"म्हणजे नुसतं नाव असतं तर चाललं असतं? ती अक्षरं नसती तर?"

"कंपनी नसती तर, हो."

तिनं पर्स बंद केली, त्याचे आभार मानले आणि उठली.

घरी आलो. अंगणात मी गाडी थांबवली, पण ती उतरली नाही. समोर गॅरेज होतं, वर पाटी होती.

"त्याला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"छाती गेली तेव्हापासून."

मी बघितलं, ती ओठ हलवत काहीतरी मोजत होती. मला वाटलं पैसे मोजते आहे. ती वसंत मोजत होती.

"दर वर्षी मी वर चढायची," ती म्हणाली, "आणि तो खाली शिडी धरून उभा असायचा. वर चढून मी तीच अक्षरं... आणि तो म्हणायचा, टिंब राहिलं."

मी म्हणालो की त्याला तुला दुखवायचं नव्हतं. दुसरं काय म्हणणार.

"दुखवलं असतं तर बरं झालं असतं रे. मी ओरडले असते. कर्टिसवर, त्याच्यावर, स्वतःवर. मग दोघं मिळून रडलो असतो आणि सकाळी उठून कामाला लागलो असतो. तेवढंच मागत होते मी. आता हे मी एकटीनं कुणाबरोबर रडू?"

एल्डनसारखा भला माणूस मी पाहिला नाही, आणि तरी त्या क्षणी मला त्याचा राग आला, पाटीपेक्षा जास्त.

ह्या वसंतात तिनं मला फोन केला. शिडी धरायला ये म्हणाली. मी गेलो. तिच्या हातात ब्रश नव्हता, खरवडायची पट्टी होती. ती वर चढली आणि मी दोन्ही हातांनी शिडी धरली. लाल आणि काळे पोपडे माझ्या टोपीवर पडत होते. 'व्होंड्रा वेल्डिंग' तसंच ठेवलं, तीन अक्षरं गेली. खालची फळी उघडी पडली, इतक्या वर्षांत ऊन न पाहिलेली.

ती थांबली. मी वर बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "टिंब राहिलं, लिबी."

बोललो आणि जीभ चावली. ती वळली नाही. एक हात पाटीवर ठेवून तशीच उभी राहिली, आणि शिडी थरथरते आहे हे माझ्या हातांना कळत होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "ते त्याचं आहे."

मग ती सावकाश खाली उतरली आणि मी शेवटच्या पायरीपर्यंत शिडी सोडली नाही.